बाळाच्या मधल्या नावाचं काय करायचं?

भावा, पोरगीच्या नावावर घरात खल चाललाय म्हणतोस, पण मधल्या नावाचा विचार केलास का? आपल्याकडं ते निवडायचं नसतं, फक्त बापाचंच लागतं, असं सगळे धरून चालतात. आता तसं राहिलं नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव शाळेच्या आणि इतर सरकारी कागदांवर असं लागतं: बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव.

खरी मेख आईच्या नावात. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलेलं सासरचं नाव घरात चालतं, आधारवर मात्र बऱ्याचदा माहेरचंच असतं. वहिनींचं आधार, पॅन काढून बघ आणि तिथं आहे तेच दे. आत्या काय म्हणते ते बारशाला ऐकू. तुझंही तेच. 'राव' लावायची आपली कोल्हापुरी हौस पत्रिकेपुरती ठेव. एका कागदावर संभाजी, दुसऱ्यावर संभाजीराव असलं की पुढं प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागतं. इंग्रजी स्पेलिंगही आधारप्रमाणंच.

जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी; बहुतेक दवाखानेच कळवतात. बाळाचं नाव ठरलं नसेल तर घाई नको, वर्षभरात विनाशुल्क घालता येतं. पण महापालिकेतला दाखला हातात पडला की खिडकीसमोरच उभा राहून चारही नावांची अक्षरं वाच: बाळाचं, वहिनींचं, तुझं, आडनाव. चूक असेल तर तिथल्या तिथं सांग.