सर्वेक्षणाची फक्त एकत्रित आकडेवारी हाती असेल, तर ती सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये कशी भरावी?

आपला प्रश्न मला समजला तो असा. प्रशिक्षण घेतलेले 120 आणि न घेतलेले 80 अशा 200 जणांना एका विधानाशी ते कितपत सहमत आहेत, हे पाच पर्याय देऊन विचारले गेले. भरलेल्या प्रश्नावल्या आता उपलब्ध नाहीत. कोणत्या गटातील किती जणांनी कोणता पर्याय निवडला, हे सांगणारे कोष्टक तेवढे उरले आहे. ते कोष्टक आपण एसपीएसएस या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये जसेच्या तसे, म्हणजे दोन ओळी आणि पाच स्तंभ असे भरले, आणि आता काय-वर्ग चाचणी (गटांच्या उत्तरांतला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का, हे तपासणारी) कशी करावी हे कळत नाही. त्यासाठी 200 ओळी हाताने टंकाव्या लागतील का, अशी आपली शंका आहे. तशी गरज नाही, दहा ओळी पुरतात.

अडचणीचे मूळ असे आहे की असे सॉफ्टवेअर प्रत्येक ओळ म्हणजे एक प्रतिसादक आणि प्रत्येक स्तंभ म्हणजे त्याच्याविषयीची एक बाब, असे गृहीत धरते. आपल्या कोष्टकात मात्र ओळ म्हणजे अख्खा गट आहे आणि ‘सहमत’, ‘तटस्थ’ हे एकाच प्रश्नाच्या उत्तराचे पर्याय वेगवेगळ्या स्तंभांत विखुरले आहेत. म्हणून आधी मांडणी बदलावी. तीन स्तंभ करावेत: पहिल्यात गट (1 किंवा 2), दुसऱ्यात उत्तर (‘पूर्ण असहमत’साठी 1 पासून ‘पूर्ण सहमत’साठी 5 पर्यंत) आणि तिसऱ्यात त्या जोडीत मोडणाऱ्या लोकांची संख्या, म्हणजेच वारंवारता. आपण दिलेल्या आकड्यांनुसार पहिल्या गटाच्या पाच ओळींत संख्या 6, 14, 25, 50, 25 अशा येतील आणि दुसऱ्या गटाच्या पाच ओळींत 10, 18, 20, 24, 8 अशा. बेरजा 120 आणि 80 येतात ना, हे तिथल्या तिथे पडताळून पाहावे.

यानंतरची पायरी बहुतेकांकडून सुटते. तिसरा स्तंभ ही मोजणी आहे, हे सॉफ्टवेअरला आपणहून कळत नाही, ते सांगावे लागते. एसपीएसएसमध्ये ‘डेटा’ मेनूच्या तळाशी ‘वेट केसेस’ आहे, म्हणजे भारांकन: प्रत्येक ओळ किती माणसांची, हे सांगणे. तिथे ‘वेट केसेस बाय’ निवडून संख्येचा स्तंभ द्यावा. खिडकीच्या खालच्या पट्टीत ‘वेट ऑन’ दिसू लागले की काम झाले. मग नेहमीप्रमाणे ‘क्रॉसटॅब्ज’मध्ये (दुहेरी कोष्टक करण्याच्या सोयीत) गट ओळींत आणि उत्तर स्तंभांत ठेवून काय-वर्ग मागावा. हे भारांकन करायचे राहून गेले, तर कोष्टकातील प्रत्येक चौकटीत 1 दिसतो, एकूण संख्या 10 येते, काय-वर्गाचे मूल्य 0 आणि पी-मूल्य (गटांत खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) 1 येते. इतके सुबक उत्तर दिसले की समजावे, सॉफ्टवेअरने माणसांऐवजी ओळी मोजल्या आहेत.

उलट बाजूची चूक अधिक फसवी असते आणि ती मी स्वतः केली आहे. भारांकन एकदा चालू केले की आपण बंद करेपर्यंत ते लागू राहते आणि फाइलबरोबर जतनही होते. एका अहवालासाठी मी त्याच फाइलमध्ये पुढे एक वेगळे विश्लेषण केले. भारांकन चालूच होते, उत्तरे दिसायला अगदी सभ्य होती, आणि प्रतिसादकांची संख्या प्रत्यक्षापेक्षा कितीतरी जास्त छापली गेल्याचे दुसऱ्याच कोणाच्या तरी लक्षात आले. तेव्हापासून कोणताही निष्कर्ष वाचण्याआधी मी एकूण संख्या पाहतो.

इतर सॉफ्टवेअरमध्ये कल्पना हीच, वाट निराळी. स्टेटामध्ये एका ओळीच्या ‘टॅबआय’ आज्ञेत चौकटींतील आकडे थेट देता येतात, किंवा वरचीच दहा ओळींची मांडणी ठेवून वारंवारता-भार देता येतो. तो पूर्णांकच असावा लागतो. आरमध्ये दोन ओळींचा मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचा तक्ता, करून तोच काय-वर्गाच्या फंक्शनला द्यावा. एखाद्या पद्धतीला व्यक्तिगत ओळीच हव्या असतील, तर संख्येनुसार ओळी पुनरावृत्त करणारी आज्ञा स्टेटा आणि आर या दोन्हींत आहे. म्हणजे 200 ओळी हव्याच असल्या, तरी त्या यंत्राने टंकाव्यात.

आपले आकडे मी हाताने करून पाहिले. काय-वर्ग 12.45 येतो, डिग्रीज ऑफ फ्रीडम (बेरजा ठरलेल्या असताना किती चौकटी मोकळेपणाने बदलू शकतात ती संख्या) 4, पी-मूल्य सुमारे 0.014. सर्वांत लहान अपेक्षित संख्या (गटांत फरक नसता तर चौकटीत आली असती ती) 6.4 आहे, म्हणजे चाचणीसाठी नेहमी पाहतात त्या 5 या मर्यादेच्या खाली एकही चौकट जात नाही आणि पर्याय एकत्र करण्याची गरज नाही. मात्र ही चाचणी पाच पर्यायांना क्रम नसलेले पाच डबे समजते. ‘असहमत’ आणि ‘सहमत’ यांची अदलाबदल केली तरी तिचे उत्तर तेच राहील. आपल्या उत्तरांना क्रम आहे. एसपीएसएसच्या त्याच तक्त्यात खाली ‘लिनियर बाय लिनियर असोसिएशन’ अशी, हा क्रम विचारात घेणारी एक ओळ असते, तिचे मूल्य इथे 12.24 येते, पण डिग्री ऑफ फ्रीडम एकच असल्याने पी-मूल्य सुमारे 0.0005 होते. जवळजवळ तेवढेच मूल्य, पण पुरावा कितीतरी बळकट, कारण फरक एकाच दिशेने साचलेला आहे. पर्यायांमधली अंतरे समान मानायला आपली हरकत नसेल, तर याच दहा ओळींवरून सरासरीही निघते: पहिल्या गटाची 3.62 (प्रमाण विचलन, म्हणजे उत्तरे सरासरीभोवती किती पसरली आहेत त्याचे माप, 1.09) आणि दुसऱ्याची 3.03 (प्रमाण विचलन 1.20). एका प्रश्नापुरते पाहिले, तर या कोष्टकात मूळ प्रश्नावल्यांइतकीच माहिती आहे, काहीही हरवलेले नाही.

हरवते ते दोन प्रश्नांमधले नाते. दोन प्रश्नांचे दोन स्वतंत्र गोषवारे हाती असतील, तर पहिल्याला ‘सहमत’ म्हणणाऱ्यांनी दुसऱ्याला काय उत्तर दिले, हे कोणतेही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. त्याच लोकांना प्रशिक्षणाआधी आणि नंतर विचारले असेल, तरीही दोन वेगळ्या बेरजा पुरत नाहीत. किती जणांनी मत बदलले, याचे एकत्र कोष्टक लागते. तपशील मिटवल्याने काय होते, याचे उदाहरण आरमध्येच नमुना म्हणून मिळते. बर्कली विद्यापीठाच्या 1973 च्या पदव्युत्तर प्रवेशांतील सहा सर्वांत मोठ्या विभागांचे 4526 अर्जदार तिथे अवघ्या 24 ओळींत मावले आहेत. विभाग बाजूला ठेवला, तर पुरुषांपैकी सुमारे 45 टक्के आणि स्त्रियांपैकी सुमारे 30 टक्के निवडले गेलेले दिसतात. विभागवार पाहिले, तर सहापैकी चार विभागांत स्त्रियांचेच प्रमाण जास्त आहे. कोणी विभागाचा स्तंभ गाळून चार आकडे आपल्या हाती दिले असते, तर ही गोष्ट कळण्याचा मार्गच उरला नसता.

आपण पुढे असेही विचारले आहे की आणखी काही प्रश्नांचे फक्त टक्के उपलब्ध आहेत, ते तसेच भरावेत का. भरू नयेत. संख्येच्या जागी टक्के दिले की सॉफ्टवेअर प्रत्येक गटात 100 माणसे असल्याचे समजते. खरी 400 असतील, तर काय-वर्ग चौथ्या भागावर येतो, आणि खरी 25 असतील, तर चौपट फुगतो. टक्क्यांना गटाच्या एकूण संख्येने गुणून मूळ संख्या काढाव्यात. टक्के पूर्णांकात दिलेले असले आणि गट 100 हून लहान असला, तर मूळ संख्या नेमकी सापडते: 80 जणांतले 44 टक्के म्हणजे 34.8 ते 35.6 यांच्या दरम्यान, अर्थात 35. गट 1200 जणांचा असेल, तर तेच 44 टक्के 522 ते 534 यांमधील काहीही असू शकतात, आणि ते अहवालात लिहावे. गट किती जणांचा होता हेच ठाऊक नसेल, तर चाचणीचा नाद सोडावा.

टक्क्यांची बेरीज 100 च्या वर जात असेल, तर बहुधा एकाहून अधिक पर्याय निवडण्याची मुभा होती. तिथे एकच माणूस अनेक चौकटींत मोजला गेलेला असतो, म्हणून सगळे कोष्टक एका चाचणीत घालू नये. प्रत्येक पर्याय ‘निवडला’ आणि ‘निवडला नाही’ असा वेगळा तपासावा. आणि मूळ सर्वेक्षणकर्त्यांनी लोकसंख्येशी जुळवण्यासाठी नमुन्याला आधीच भार दिलेले असतील, तर ते भार आणि इथली वारंवारता या वेगळ्या गोष्टी आहेत. त्या आकड्यांना साधी मोजणी समजून चाचणी केली, तर पी-मूल्यावर विसंबता येत नाही. अशा प्रश्नांबाबत त्यांच्याकडे भार न दिलेल्या संख्या मागाव्यात आणि त्या मिळेपर्यंत टक्के वर्णनापुरते वापरावेत.