पावसाळ्यात बेटावरचं लग्न : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : रजा जमतात त्या पावसाळ्यातच. उष्ण कटिबंधातलं एखादं बेट लग्नासाठी निवडायचं आहे. महिन्याची पावसाची सरासरी बघून ठरवलं तर चालेल का?

नुसत्या सरासरीवरून फारसं काही कळत नाही. महिन्याला ३०० मिलिमीटर पाऊस बारा दिवसांत मोठ्या सरींनी पडला, तर मध्ये भरपूर उघडीप मिळते. तोच पाऊस चोवीस दिवस रिपरिपत राहिला, तर उघड्यावर काहीच करता येत नाही. म्हणून सरासरीच्या शेजारी ‘पावसाचे दिवस’ हा रकाना असतो, तो आधी वाचा.

पावसाळा देशावरून ठरवू नका, किनाऱ्यावरून ठरवा. थायलंडमध्ये अंदमान समुद्राकडच्या फुकेतला मे ते ऑक्टोबर पाऊस असतो. थायलंडच्या आखातातल्या सामुईला जोराचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात येतो आणि नोव्हेंबर सर्वांत ओला जातो. जुलैत लग्न असेल तर या दोन बेटांचा हिशेब अगदी वेगळा निघतो. एकाच बेटाच्या दोन बाजूंतही फरक असतो. मॉरिशसमध्ये आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे मधल्या पठारावर पाऊस टाकतात आणि पश्चिम किनारा त्या मानाने कोरडा राहतो. बालीत डिसेंबर ते फेब्रुवारी पश्चिमेचे वारे कुटा आणि जिंबारानच्या किनाऱ्यावर समुद्रातला कचरा आणून टाकतात. त्या महिन्यांत पूर्वेकडे तोंड असलेलं नुसा दुआ बरं पडतं.

पाऊस आणि चक्रीवादळ मात्र एका मापाने मोजू नका. पावसाला छप्पर हा उपाय आहे, वादळाला नाही. अटलांटिक आणि कॅरिबियनचा वादळी हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो आणि त्याचा जोर सप्टेंबरच्या आसपास सर्वाधिक असतो. नैर्ऋत्य हिंदी महासागरात तो साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. विषुववृत्तापासून ५ अंशांच्या आत पृथ्वीच्या फिरण्याचा वाऱ्याला वळवणारा परिणाम इतका क्षीण असतो की चक्रीवादळं तिथे क्वचितच तयार होतात. आमचं मत स्पष्ट आहे : पावसाळ्यातली तारीख जरूर घ्या, वादळी हंगामाच्या ऐन भरातली घेऊ नका.

प्रश्न : दिवसातली कोणती वेळ धरावी? सगळे सूर्यास्त सुचवतात.

डोंगर असलेल्या मोठ्या बेटावर सकाळ धरा. दिवसभर जमीन तापते, समुद्रावरून खारे वारे आत शिरतात, दमट हवा डोंगराला अडून वर चढते आणि दुपारी दोन ते सहाच्या दरम्यान सर कोसळते. नऊ ते अकरा ही वेळ त्या मानाने सुरक्षित. सपाट, चिमुकल्या प्रवाळबेटांवर हे गणित चालत नाही. तिथे रात्री किंवा पहाटेही जोराच्या सरी येतात, म्हणून तिथल्या माणसांनाच त्या महिन्याचा नेम विचारा.

सूर्यास्ताचा हट्ट असेल तर एवढं ध्यानात असू द्या : या पट्ट्यात संधिप्रकाश जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं टिकतो. सरीमुळे अर्धा तास गेला की उरलेले फोटो अंधारात काढावे लागतात. विधी सूर्यास्ताच्या किमान दीड तास आधी सुरू करा.

प्रश्न : मांडववाले वाळूत खुंट्या ठोकून तंबू उभा करू म्हणतात. ८० पाहुणे आहेत. काय काय तपासावं?

खुंट्यांवर समाधान मानू नका. ओल्या, भुसभुशीत वाळूत साधी खुंटी धरत नाही. वाऱ्याचे चार हिसके बसले की सैल होते. मधल्या खांबावर ताणलेला तंबू सगळा खुंट्यांच्या जिवावर उभा असतो. तुम्हाला ॲल्युमिनियमच्या चौकटीचा तंबू हवा आणि प्रत्येक पायाला वजन. २०० लिटरचं पाण्याने भरलेलं पिंप म्हणजे २०० किलो. पण उंच पिंप दोरीच्या ओढीने कलंडतं किंवा घसरतं, त्यामुळे बसकं सिमेंटचं वजन अधिक भरवशाचं. दर पायाला किती किलो आणि तंबू ताशी किती किलोमीटर वाऱ्यापर्यंत टिकतो, हे दोन आकडे लेखी मागा. ते न देणाऱ्याला काम देऊ नका.

वाऱ्याची ताकद समजायला एक हिशेब पुरे. ताशी ५० किलोमीटरचा वारा दर चौरस मीटरला सुमारे १२ किलो दाब देतो. २० मीटर लांब आणि अडीच मीटर उंच बाजूचा पडदा म्हणजे सुमारे ६०० किलो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. सर येताना सगळ्या बाजू घट्ट बांधण्याची चूक हमखास होते. वाऱ्याकडचा पडदा उघडा ठेवायचा आणि पलीकडचा बांधायचा, हेही चुकीचंच. आत शिरलेला वारा छप्पर उचलतो. बाजू कधी आणि कोणत्या क्रमाने सोडायच्या, हे मांडववाल्यांच्या माणसाने ठरवावं आणि तो माणूस शेवटपर्यंत जागेवर हवा.

आता पाणी. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. १२ बाय २० मीटरच्या छपरावर २० मिलिमीटरची सर पडली, तर ४,८०० लिटर पाणी खाली येतं. ते जाणार कुठे? कापड सैल असेल तर वरच फुगा धरतं. दोन चौरस मीटरवर पाच सेंटिमीटर पाणी साचलं की १०० किलो झाले, त्या वजनाने कापड आणखी खाली जातं आणि आणखी पाणी धरतं. दोन तंबू जोडले असतील तर मधल्या सांध्याला पन्हळ लागतेच, नाहीतर नेमकी तिथेच जेवणाच्या टेबलावर धार लागते. फळ्यांची जमीन किमान १५ सेंटिमीटर उचललेली असावी आणि बाहेर उताराच्या दिशेने चर खणलेला असावा.

जागेचा अंदाज : ओळीने खुर्च्या मांडल्या तर माणशी पाऊण चौरस मीटर, गोल टेबलांवर जेवण असेल तर दीड. ८० जणांच्या जेवणालाच १२० चौरस मीटर जातात. त्यात व्यासपीठ आणि वाढप्यांची जागा वेगळी धरा.

वीज हा स्वतंत्र विषय आहे आणि इथे कंजुषी नको. प्रत्येक जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच), बाहेरचे दिवे आयपी ६५ दर्जाचे (धूळ आणि पाण्याचे फवारे आत न शिरू देणारे), केबलचे सांधे जमिनीपासून वर. जनरेटर उंच जागी आणि तंबूच्या तोंडापासून लांब ठेवा. त्याचा धूर आत आला तर जिवावर बेततं.

प्रश्न : पौर्णिमेची रात्र निवडली आहे. काही अडचण?

अडचण भरतीची आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. त्यावर पावसाळी लाटांची उंची चढली की दुपारी रुंद दिसलेला किनारा संध्याकाळी शिल्लकच राहत नाही. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी राहतो. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे आदल्या आठवड्यात पाहून आलेली किनाऱ्याची रुंदी कामाची नाही. त्या दिवसाचं भरतीचं कोष्टक काढा आणि विधी ओहोटीच्या आसपास बसवा. वाळूवर सुकलेल्या शेवाळाची जी सर्वांत वरची रेघ दिसते, तिच्याही वर मांडव हवा.

प्रश्न : ॲप ६० टक्के पाऊस दाखवतं. मग विधी आत न्यायचा की नाही, हे कुणी आणि कधी ठरवायचं?

६० टक्के म्हणजे दिवसातला ६० टक्के वेळ पाऊस नव्हे. त्या जागी त्या काळात मोजण्याइतका पाऊस पडण्याची ती शक्यता आहे. तो दहा मिनिटांतही आटपू शकतो. सरींची वेळ दहा दिवस आधी कुणालाच सांगता येत नाही. एक-दोन तास आधी मात्र रडारच्या चित्रावर ढग येताना दिसतात.

म्हणून उलटा क्रम धरा : सगळं आधी छपराखाली मांडा, उघडीप दिसली तर विधीपुरतं बाहेर काढा. कोरड्या खुर्च्या बाहेर न्यायला वीस मिनिटं लागतात. भिजलेल्या खुर्च्या आणि भिजलेली ध्वनियंत्रणा आत आणून काहीच साधत नाही. छपराखालची जागा बाहेरच्या जागेबरोबरच, त्याच करारात आरक्षित करा. निर्णय एकाच माणसाने घ्यावा आणि तो वधू-वर किंवा त्यांचे आईवडील नसावेत. त्या क्षणी त्यांच्या मनाची ओढ बाहेरच असते. वेळही आधीच लिहून ठेवा. विधीच्या चार तास आधी पहिला निर्णय, एक तास आधी शेवटचा, त्यानंतर बदल नाही.

विजेच्या बाबतीत मात्र चर्चाच नको. वीज चमकल्यावर ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ती १० किलोमीटरच्या आत आहे. सगळ्यांना पक्क्या इमारतीत न्या आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडू नका. तंबू विजेपासून वाचवत नाही.

प्रश्न : पाहुण्यांनी किती दिवस आधी पोचावं? विमा घ्यावा का?

विमानाने येऊन पुढे बोट असेल तर दोन दिवस आधी. लाटा वाढल्या की बोटी थांबतात. मालदीवमधली सी-प्लेन तर फक्त दिवसाउजेडी उडतात, त्यामुळे दुपारी उशिरा उतरलेला पाहुणा एक रात्र अडकतो. लग्नाचे कपडे, दागिने आणि कागदपत्रं हातातल्या सामानात ठेवा. लहान विमानांत मोठ्या बॅगा मागाहून येतात.

जागेसाठी ठेवीची रक्कम भरताच विमा घ्या. वादळाला नाव मिळाल्यानंतर घेतलेली पॉलिसी सहसा त्या वादळाचं नुकसान भरून देत नाही. जागेच्या करारातलं अटळ आपत्तीचं कलम शब्दशः वाचा : साधा पाऊस त्यात बसत नाही, आणि बोटी बंद पडणं बसतं की नाही हे लिहून घ्यावं लागतं. पैसे परत मागण्यापेक्षा जादा आकार न देता तारीख पुढे नेण्याची मुभा मागा, ती पदरात पडण्याची शक्यता जास्त.

प्रश्न : कपडे, फुलं, फोटो यांबद्दल थोडक्यात सांगाल?

रेशमावर पाण्याचे डाग उमटतात. शिफॉन आणि जॉर्जेट लवकर वाळतात. टोकदार टाचा ओल्या वाळूत रुततात. फुलांत ऑर्किड, अँथुरियम आणि हेलिकोनिया दमट हवेत टिकतात, गुलाबाच्या पाकळ्यांना मात्र बुरशी लवकर धरते. वातानुकूलित खोलीतून बाहेर आणलेल्या कॅमेऱ्याच्या भिंगावर वाफ धरते, तेव्हा तो बंद पिशवीतच अर्धा तास आधी बाहेर ठेवायला छायाचित्रकाराला सांगा. डेंग्यू पसरवणारा डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्ताआधी, म्हणजे नेमका विधीच्या वेळी. पाहुण्यांच्या खोलीत डास पळवणारं मलम आधीच ठेवा आणि मांडवात मोठे पंखे लावा. डास वाऱ्यात नीट उडू शकत नाहीत.