घर-दुरुस्ती : तुमचे प्रश्न

प्रश्न : ३ जून २०२०च्या 'निसर्ग' वादळात दिवेआगरच्या आमच्या चिऱ्याच्या घराची मंगलोरी कौलं उडाली. घाईत टाकलेला पत्रा आता गंजलाय. कायमचं काय घालू?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, चिऱ्याला हात लावू नका, बाहेरून दगडांमधल्या दरजा भरून घ्या, पुरे. पत्रा चालेल, मुलामा मात्र चांगला हवा. खरी मेख स्क्रूत आहे. वारा छप्पर वर ओढतो, आणि ही ओढ आढ्याशी, कडांना नि पागोळीच्या बाजूला सर्वांत जास्त. तिथे स्क्रू दाट मारा, तेही पत्र्याच्या उंचवट्यावर, रबरी वॉशर लावून. सुतार कुरकुरेल, "एवढे कशाला?" म्हणेल, आपण समोर खुर्ची टाकून बसावं. खाऱ्या हवेत साधे स्क्रू पत्र्याआधी सडतात, म्हणून पत्रा देणाऱ्यालाच विचारून त्या पत्र्याला चालणारे घ्या. पत्र्याखालच्या आडव्या रिपा उतरत्या वाशांना आणि वासे भिंतीवरच्या बीमला गॅल्व्हनाइज्ड पट्ट्यांनी आवळा. नाहीतर पत्रा रिपांसकट जातो. कौलंच हवीत? मग निदान कडेच्या ओळी तारेने बांधा. आणि पडवीचं छप्पर वेगळं ठेवा. गेलं तर ते एकटं जाईल.