आजीच्या खाटेजवळची वही

"बाई, हिला माणसांशी बोलायला आवडतं म्हणून ही सोशल वर्कर होणार म्हणते. बोलायला काय, मलाही आवडतं. त्याचे पैसे कोण देतो?"

डिचोलीतल्या माझ्या करिअर समुपदेशनाच्या खोलीत बसल्या बसल्या आईने प्रश्न मांडला. मुलगी शेजारी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिला इथे सुलभा म्हणूया. नाव, गाव आणि घरचे दोन-चार तपशील बदललेत. बारावी सायन्स, पीसीबी, टक्के बरे. एकीकडे बीएस्सी नर्सिंग, दुसरीकडे बीएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी करून पुढे 'क्लिनिकल सोशल वर्क'. निकालानंतर हाच पेच घेऊन दोन-तीन मुलं तरी दरवर्षी येतात, म्हणून तिची हकिकत जरा सविस्तर लिहिते.

आईच्या घाईमागे खाण होती. वडलांचा खनिज वाहणारा टिप्पर. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, हप्ते थकले. पुन्हा चाक फिरू लागलं तोवर २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने लीज रद्द केली आणि टिप्पर अंगणात आला तो तिथेच राहिला. त्या घरात कुणी 'आवड' म्हटलं की सगळे गप्प होत. नर्सिंग म्हणजे महिन्याच्या महिन्याला पगार, जमलं तर आखात, जमलं तर त्याही पलीकडे. या हिशेबात मला काही चूक दिसली नाही, आणि मी तसं आईला सांगितलंही.

गोंधळ होता तो सुलभाच्या बाजूने. तिने पाहिलेले व्हिडिओ अमेरिकेतले. तिथे मास्टर्सनंतर देखरेखीखाली ठरावीक तास काम करून परवाना मिळतो आणि क्लिनिकल सोशल वर्कर स्वतंत्रपणे सायकोथेरपी देऊ शकतो. आपल्याकडे तशी रुळलेली वाट नाही. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी करून इस्पितळात मेडिकल सोशल वर्कर होता येतं. सायकियाट्रिक सोशल वर्कर मात्र कोणाला म्हणायचं ते २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातच लिहिलंय: समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, आणि वर दोन वर्षांची पूर्णवेळ एम.फिल. त्या एम.फिल.साठी बेंगळुरूचं निम्हान्स, रांची, तेजपूर अशा मानसिक आरोग्य संस्थांची नावं घ्यावी लागतात. म्हणजे बारावीनंतर सात वर्षं, त्यातली शेवटची बहुधा घरापासून लांब. त्यात यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२२ साली एम.फिल. मोडीत काढली; या विषयाला २०२५-२६ पर्यंत सवलत दिली. त्यामुळे ती तिथवर पोचेल तेव्हा कुठली पदवी चालेल हे त्या वर्षीच तपासावं लागणार. २०२१ च्या अलाइड हेल्थकेअर कायद्यात क्लिनिकल सोशल वर्कर हे नाव आलंय, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

नर्सिंगचं गणित सरळ. चार वर्षं, कौन्सिलकडे नोंदणी, नोकरी. पुढे एक वर्षाच्या अनुभवानंतर एमएस्सी, त्यातही सायकियाट्रिक नर्सिंग हा विषय घेता येतो. शिवाय एमएसडब्ल्यूला बहुतेक ठिकाणी कुठलीही पदवी चालते, म्हणून नर्स होऊन समाजकार्याकडे वळता येतं. उलट जायचं तर मात्र बीएसडब्ल्यूनंतर नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून सुरुवात.

हे ऐकून आईचा चेहरा खुलला. माझा खुलला नाही. काही वर्षांपूर्वी हाच युक्तिवाद करून मी एका मुलीला नर्सिंगला घातलं होतं. "आत्ता घे, नंतर वळता येईल." ती दुसऱ्या वर्षी सोडून घरी बसली. वॉर्डातला वास तिला जेवू देत नव्हता, आणि हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं. तक्त्यावर कागद जुळले म्हणून मी खूश झाले होते. ती चूक माझी.

सुलभाच्या बाबतीत विचारायला जागा होती. आदल्या पावसात तिची आजी अर्धांगवायूने बांबोळीला, गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात होती. अकरा दिवस खाटेशी सुलभाच. मी म्हटलं, त्या दिवसांतलं आठवेल ते वहीत लिही. छान लिहू नकोस, आठवेल तसं लिही.

आठवड्याने वही आली. दोनशे पानी, पुढे फिजिक्सची गणितं आणि मागून हे. "दर दोन तासांनी कूस. गुडघ्यांच्या मध्ये उशी. टाच गादीला टेकता नये." "आजीच्या हाताला सूज. सिस्टरने शीर डोळ्यांनी नाही शोधली, बोटाने शोधली." "तोंड पुसताना आधी ओठ ओले करायचे." पान भरून असंच. बोलायला आवडणाऱ्या मुलीच्या वहीत बोलणं कुठे आहे, म्हणून मी पानं उलटत राहिले.

शेवटी एक सापडलं. शेजारच्या खाटेवर काणकोणची म्हातारी. दीनदयाळ या सरकारी आरोग्य विमा योजनेच्या कार्डाचं नूतनीकरण राहिलेलं, मुलगा फिरकलेला नाही. "सोशल वर्कर मॅडम आल्या. तीन फोन केले, एक फॉर्म भरला. कार्डाचं काम झालं. मुलगा आलाच नाही. मॅडम दुसऱ्या वॉर्डात गेल्या."

"मॅडमचा राग आला?" मी विचारलं.

"थोडा. पण आणखी बारा खाटा होत्या म्हणा त्यांना."

"मग तू काय केलंस?"

ती गप्प. मग म्हणाली, "मी तिचे केस विंचरले. जटा झाल्या होत्या. खोबरेल लावून, खालून थोडे थोडे सोडवत. तासभर लागला."

हे वहीत नव्हतं. "हे काय लिहायचं," ती म्हणाली.

केस विंचरले म्हणून नर्स हो, असं मी म्हटलं नाही. एकदा तोंड पोळलंय. ओळखीच्या एका सायकियाट्रिक सोशल वर्करला फोन लावून दिला. त्याला बजावलं, कामाचं महत्त्व सांगू नकोस, कालचा दिवस सांग. त्याचा कालचा दिवस असा: बऱ्या झालेल्या पेशंटला घरी न्यावं म्हणून त्याच्या भावाला फोन, मग पंचाला फोन, मग पुन्हा भावाला. भाऊ 'बघतो' म्हणाला. दुपारी केसहिस्टरी, संध्याकाळी अहवाल. "आणि हा 'बघतो' म्हणजे जिंकल्यासारखंच हां," तो म्हणाला, आणि खरंच खूश होता. मग एका स्टाफ नर्सलाही तेच विचारलं. तिने रात्रपाळी, सुजलेले पाय, चार्ट भरता भरता थंड झालेला चहा आणि पहाटे चारला दचकून उठणारे पेशंट सांगितले. काही लपवलं नाही.

सुलभा दोन दिवसांनी एकटीच आली. म्हणाली, "बाई, ते दादा त्या 'बघतो'वर महिनाभर थांबू शकतात. मला नाही जमणार. मला त्याच दिवशी काहीतरी हाताने झालेलं दिसायला हवं."

"आणि बोलणं?"

"कूस बदलताना बोलतेच की."

तिला एवढंच सांगितलं की बोलून आधार देणं ही एका पदवीची मिरास नाही. आपल्याच गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'सांगात' संस्थेने प्रशिक्षण दिलेल्या साध्या स्थानिक माणसांनी डिप्रेशनच्या रुग्णांना समुपदेशन केलं, आणि त्याचा उपयोग होतो हे २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ती वाट तिला पुढेही मोकळी आहे.

त्याच आठवड्यात ज्याला भावाशी तीन-तीनदा बोलण्यात रस वाटेल असा एक मुलगाही आला होता. त्याला मी बीएसडब्ल्यूच सुचवलं, सात वर्षांचा हिशेब घरच्यांसमोर कागदावर मांडून. त्याच्या वडलांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला.

सुलभा आता नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. परवा तिच्या आईचा फोन आला, आवाज दबका. "बाई, हिला म्हणे आता आल्तिनोला पाठवणार?"

वेड्यांचं इस्पितळ आल्तिनोवरून बांबोळीला जाऊन वर्षं लोटली, पण जुन्या तोंडांत नाव तेच आहे. मी म्हटलं, "बांबोळीलाच. मानसोपचाराचं पोस्टिंग सगळ्यांना असतं."

"रात्रीचं नाही ना?"

"ते तिलाच विचारा. आता तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक."

"तिला विचारलं," आई म्हणाली. "ती म्हणते, फणी घेऊन जाऊ का विचार."