मे महिन्यात दारव्ह्याकडच्या गावी दहा दिवस: चालायचं कधी, खायचं काय?

तुम्ही विचारलंय की पुण्याहून नवरा, दोन मुलं (६ आणि ११ वर्षं) आणि शुगर-बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या सासूबाई असे सगळे मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याजवळ, सासरच्या गावी दहा दिवस राहणार आहात. रोजचा ४५ मिनिटांचा व्यायाम सुटू नये, वजन वाढू नये आणि पाहुणचार करणाऱ्यांचं मनही मोडू नये. हे तिन्ही जमतं, पण पुण्याचं वेळापत्रक तिथे चालणार नाही.

आधी चालण्याचं. त्या भागात मेच्या मध्याला सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो आणि सव्वापाचपासून फटफटायला लागतं. साडेपाच ते पावणेसात हीच तुमची व्यायामाची वेळ. संध्याकाळी बरं वाटेल असं समजून बरेच जण सातला निघतात, ते मला चुकीचं वाटतं. दिवसभर तापलेली जमीन आणि भिंती तेव्हा उष्णता बाहेर टाकत असतात आणि पारा पस्तिशीच्या वरच असतो. संध्याकाळी नुसते पाय मोकळे करा, घाम गाळू नका.

पहिल्याच दिवशी ४५ मिनिटं चालू नका. शरीराला नव्या उन्हाची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. घाम लवकर सुटणं आणि घामातून कमी मीठ जाणं हे बदल हळूहळूच होतात. पहिले तीन दिवस २० मिनिटं, मग रोज पाच मिनिटं वाढवा. राहिलेला व्यायाम घरात, कूलरसमोर करा: १२ सूर्यनमस्कार, १५ बैठकांचे दोन फेरे, भिंतीला टेकून २० जोर. खोली मात्र बंद ठेवू नका, समोरची खिडकी चार बोटं तरी उघडी हवी. कूलर पाण्याच्या वाफेने हवा गार करतो. दमट हवेला बाहेर वाट नसली की अर्ध्या तासात खोली चिकट होते आणि घाम वाळत नाही. कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढायचाच. मुलांना ते काम देऊ नका.

चालायला पांदण (शेतांमधली गाडीवाट) किंवा गावचा डांबरी रस्ता घ्या, शेतातून जाऊ नका. मेमध्ये काळ्या मातीला पाय अडकेल एवढ्या भेगा पडलेल्या असतात, आणि नांगरटीच्या ढेकळांवर पाय मुरगळतो. चप्पल नको, बूट घाला. मुलांचे खेळ सकाळीच उरकू द्या, लगोरी किंवा विटी-दांडू, आठच्या आत घरात. विहिरीत पोहायला पाठवायचं असेल तर पायऱ्यांची विहीर, पट्टीचा पोहणारा मोठा माणूस पाण्यात आणि कमरेला कोरडे भोपळे. यातलं एकही नसेल तर नको.

आता जेवण, म्हणजे खरी अडचण. माझं मत स्पष्ट आहे: गावचं रोजचं जेवण उन्हाळ्यासाठी उत्तम असतं, त्रास होतो तो पाहुण्यांसाठी केलेल्या जेवणाने. रोजच्या ताटात ज्वारीची भाकर, बेसन (तुमच्याकडचं पिठलं), वरण, कच्चा कांदा, कैरीची चटणी आणि ताक असतं. पाहुण्यांच्या ताटात आमरस, पुरणपोळी, त्यावर वाटीभर तूप, भजी, तळलेली कुरडई आणि तर्रीची (वर तिखट तेलाचा थर असलेली) भाजी. तुपाचे दोन मोठे चमचे म्हणजे जवळपास अडीचशे कॅलरी, आणि वाढणारा हात दोनवर थांबत नाही. म्हणून आल्या दिवशीच प्रेमाने सांगून टाका, “काकू, रस तर हवाच, पण रोज तुमच्या हातचं बेसन-भाकरच खाऊ घाला.” यात कुणी रागावत नाही, उलट बरं वाटतं. आमंत्रणं सकाळच्या जेवणाची घ्या. रात्री नऊला पुरणपोळी खाल्ली तर पहाटे पाचला उठणं होत नाही, आणि व्यायाम तिथेच बुडतो.

रस दिवसाआड, एक वाटी, वरून साखर न घालता, आणि त्या दिवशी पोळ्या दोनच. तर्री भाजीवर तरंगते, म्हणून पळी तळाशी घालून खालचा रस्सा मागा. चहाचाही हिशेब ठेवा. पाच घरी पाच कप म्हणजे दहा चमचे साखर सहज होते. “अर्धा कप, साखर कमी” एवढं म्हणा.

ताकाची आंबील रोज करा. चार मोठे चमचे ज्वारीचं पीठ एक वाटी ताकात कालवून झाकून ठेवा. पुण्यात ते रात्रभर ठेवतात, इथे मेमध्ये पाच-सहा तास पुरे, नाहीतर तोंड आंबतं. गंजात (पातेल्यात) तीन वाट्या पाणी तापवा, आच मंद करा, कालवलेलं मिश्रण बारीक धारेने ओता आणि हात थांबू देऊ नका. थांबला की तळाशी गोळ्या धरतात. कोरडं पीठ थेट गरम पाण्यात टाकलं तर गोळ्या नक्कीच. सात-आठ मिनिटांनी दाटसर झालं की मीठ, जिरं, ठेचलेला लसूण घाला. निवल्यावर आणखी एक वाटी ताक आणि वर सांबार (इथे कोथिंबिरीला सांबार म्हणतात). फिरून आल्यावर एकेक पेला घ्या, नाश्त्याची भजी आपोआप कमी होतात.

पाणी तहानेची वाट न पाहता प्या. निघण्यापूर्वी दोन पेले, मग दर तासाला एक. लघवी गडद पिवळी दिसली तर कमी पडतंय. मुलांना जुलाब झाले तर ओआरएस पाकिटावर लिहिलंय तितक्याच पाण्यात करा. कमी पाण्यात केलं तर जुलाब वाढू शकतात. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. २४ तासांनी उरलेलं फेकून द्या. शिजवलेलं अन्न या उन्हात तासाभराच्या वर बाहेर ठेवलेलं असेल तर मुलांना देऊ नका, विशेषतः मटण आणि रस.

सासूबाईंचं वेगळं. लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा, उन्हात मात्रा बदलावी लागू शकते. शुगरची गोळी घेऊन उपाशीपोटी त्यांना चालवू नका, आधी अर्धी भाकर द्या. पापड-लोणच्यातून मीठ भरपूर पोटात जातं, म्हणून बीपीवाल्यांना उगाच मिठाचं सरबत नको.

कुणी बरळू लागलं, अंग तव्यासारखं तापलं किंवा शुद्ध हरपली तर ऊन लागलंय. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत सावलीत नेऊन कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून पंखा घाला, मान, काखा आणि जांघांत ओली फडकी ठेवा. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही, आणि शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही.