गुडघा बदलला, पण पायऱ्यांची भीती जाईना

प्रश्न: वय ६३, सांगली. गुडघा बदलून ३ महिने झाले, दुखणं कमी झालंय पण कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या बघितल्या की पाय लटपटतात.

उत्तर: काकू, ही भीती नुसती मनातली नाही हो, पाय नेमका कुठंय ही खबर सांध्यातून मेंदूला जाते ती ऑपरेशननंतर जरा मंदावते, त्यात मांडीचा स्नायूही बारीक झालेला, मग तोल जाणारच. फिजिओला विचारून ओट्याला धरून एका पायावर १० सेकंद उभं राहा, जमलं की नुसत्या दोन बोटांचा आधार. काठी ऑपरेशन न झालेल्या बाजूच्या हातात, बरेच जण उलटी धरतात! चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. घाट सध्या राहू दे, आमराईत सपाटीवर चाला, कुणीतरी सोबत घेऊन. पोटरी सुजून दुखली तर मात्र लगेच डॉक्टर गाठा.