कागद मोठा करायचा की मुलूख?

बाकीच्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. विचारणाऱ्यांनी कादंबरीसाठी एका काल्पनिक राज्याचा नकाशा इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये ए-फोर कागदावर काढलाय आणि त्याचा फोटो टाकलाय. स्केल १ सेंटीमीटरला ५ किलोमीटर. राजधानी ते बंदर कागदावर १२ सेंटीमीटर, म्हणजे ६० किलोमीटर. कथेत मात्र सैन्य बैलगाड्यांसकट निघतं आणि दहाव्या दिवशी बंदरावर पोचतं. म्हणून सगळं निवडून नकाशा तिप्पट केला, तर डोंगर फुगले, गावांची नावं लग्नाच्या बॅनरएवढी झाली आणि नद्या डांबरी रस्त्यासारख्या दिसायला लागल्या. आता काय करावं?

मी जळगावात ले-आउटचे नकाशे काढतो. दिवसा ऑटोकॅडवर खऱ्या शेतांचे प्लॉट पाडायचे आणि शनिवारी रात्री मित्रांसोबतच्या फाशांच्या खेळासाठी खोटे मुलूख काढायचे, असं बरीच वर्षं चाललंय. तुमची चूक मी दोन्हीकडे करून बसलोय.

तर आधी उत्तर. कंट्रोल-झेड दाबून नकाशा होता तसा करा आणि त्याला हात लावू नका. कोपऱ्यातल्या स्केलपट्टीवर ५ च्या जागी १५ लिहा. १२ सेंटीमीटरचे १८० किलोमीटर झाले, दहा दिवसांत रोजचे १८. सामानाने भरलेल्या गाड्या ओढत चालणाऱ्या फौजेला एवढं ठीक आहे.

तुम्हाला मोठा हवा होता मुलूख आणि तुम्ही मोठा केलात कागद. त्यातली गंमत अशी की 'सगळं निवडा' म्हटल्यावर स्केलपट्टीही निवडली गेली. तीही तिप्पट लांब झाली आणि तिच्यावर आकडा जुनाच राहिला. म्हणजे एवढा खटाटोप करून बंदर राजधानीपासून ६० किलोमीटरवरच राहिलं.

पण नुसता आकडा बदलून सुटका होत नाही. ५ च्या हिशेबाने तुमचा अख्खा ए-फोर म्हणजे साधारण १४८ बाय १०५ किलोमीटर, साडेपंधरा हजार चौरस किलोमीटर. आमचा जळगाव जिल्हा ११,७६५ चौरस किलोमीटरचा आहे. समुद्रासकट तुमचं सगळं जग आमच्या एका जिल्ह्याहून थोडंसंच मोठं होतं, आणि त्यात तीन राजे एकमेकांच्या जिवावर उठलेले. (भावकी म्हणून चाललं असतं, साम्राज्य म्हणून नाही.) १५ च्या हिशेबाने तेच पान १ लाख ४० हजार चौरस किलोमीटरचं होतं, महाराष्ट्राच्या निम्म्याला जरा कमी. अंतर तिप्पट झालं की क्षेत्र नऊपट होतं, हे गणित शाळेत येतं आणि नकाशा काढताना हमखास विसरतं. वहीत लोकसंख्या, सारा, फौजेचे आकडे लिहून ठेवले असतील तर तेही एकदा काढून बघा.

दुसरं म्हणजे, जे तुम्ही चिन्ह म्हणून काढलंय त्याला काही होत नाही, पण जे खऱ्या आकारात काढलंय ते बिघडतं. डोंगराचं त्रिकोणी चिन्ह ५ ला डोंगर, १५ लाही डोंगरच. तुमच्या फोटोत मात्र राजधानीचा तट बुरुजांसकट काढलेला दिसतोय, कागदावर साधारण ८ मिलिमीटर. ५ च्या स्केलला ते शहर ४ किलोमीटर रुंद होतं, ते मोठं पण पटण्यासारखं. आता ते १२ किलोमीटर झालं. जुन्या काळी एवढा तट बांधायचा तर बाकीच्या राज्याने काही करायचंच नाही. तो तट पुसा, तिथे एक ठसठशीत चौकोन ठेवा आणि शहराचा तपशीलवार नकाशा वेगळ्या फाइलमध्ये काढा. तळ्याचं, बेटाचंही तसंच: २ सेंटीमीटरचं तळं १० किलोमीटरचं होतं, आता ३० चं आहे. नावाड्याला पलीकडचा काठ दिसतो असं कुठे लिहिलं असेल तर ते वाक्य गेलं.

आकडा पटतोय का हे बघायला मी खऱ्या मुलखावर मोजून बघतो. राजधानी आणि बंदर म्हटल्यावर आमच्याकडे लगेच बऱ्हाणपूर आणि सुरत आठवतं. अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेऊन खानदेशातलं फारुकींचं राज्य संपवलं, त्यांची राजधानी बऱ्हाणपूर. ते तापीकाठी, आणि सुरतही तापीच्याच काठी, मुखाजवळ. दोन्हींमधलं अंतर सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. तुमचे १८० म्हणजे त्याच्या निम्मे. आमच्याच भाषेत सांगायचं तर मुक्ताईनगरहून निघून नंदुरबार गाठलंत. एका मध्यम राज्याला हे अंतर शोभतं.

फक्त ही सगळी सरळ रेषेची अंतरं आहेत, आणि माणसं सरळ रेषेत चालत नाहीत. मुक्ताईनगर ते पंढरपूर पट्टी लावून मोजलं तर पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास भरतं. मुक्ताईची पालखी तेच अंतर वळणावळणाने, मुक्काम करत जाते आणि महिनाभर वाट चालते. कारण रस्ता गावं धरून जातो, नदीला उतार शोधतो, घाट चढतो. म्हणून सैन्याचे दिवस मोजताना पट्टी सरळ लावू नका. रस्त्याची रेघ निवडा आणि इंकस्केपच्या एक्स्टेन्शन्समधलं 'मेझर पाथ' चालवा, वळणांसकट लांबी मिळते. माझे आजोबा अंतर किलोमीटरमध्ये सांगायचेच नाहीत. शेजारच्या तालुक्याचं गाव किती लांब असं विचारलं की म्हणायचे, "तठलोंग जाता जाता दिन मावळी जास." नकाशा असलेली कादंबरी लिहिणाऱ्याने मला वाटतं हेच माप आधी ठरवावं आणि स्केल त्यातून काढावं, उलट नाही.

आता समजा तुम्हाला खरंच कागदही मोठा हवाय, पुस्तकात घडीचा ए-थ्री नकाशा द्यायचाय. ए-फोरचा ए-थ्री करायला २०० टक्के नाही, १४१.४ टक्के लागतात. झेरॉक्सवाल्याला हा आकडा झोपेत विचारला तरी येतो, आपल्याला येत नाही. इथे मी नकाशातल्या सगळ्या गोष्टींचे दोन ढीग करतो. किनारा, नदीची वाट, रस्ता, सीमा, स्केलपट्टी या जमिनीच्या गोष्टी, त्या वाढल्याच पाहिजेत. अक्षरं, रेघेची जाडी, डोंगराचं आणि झाडाचं चिन्ह या वाचणाऱ्याच्या डोळ्याच्या गोष्टी. कागद मोठा झाला म्हणून डोळा मोठा होत नाही, त्या होत्या तेवढ्याच राहिल्या पाहिजेत. दोन्ही ढीग पहिल्या दिवसापासून वेगळ्या लेयरवर (एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक थरांवर) असतील तर पुढचं काम दहा मिनिटांचं. नसतील तर आज संध्याकाळी चहा घेऊन बसा आणि वेगळे करा, दुसरा उपाय नाही.

इंकस्केपमध्ये बाणाचं टूल घेतलं की वरच्या पट्टीत उजवीकडे चार छोटी बटणं दिसतात. त्यातलं पहिलं रेघेच्या जाडीचं. ते दाबलेलं राहिलं म्हणून तुमच्या नद्या डांबरी रस्ते झाल्या. ते बंद करा आणि मग सगळा नकाशा १४१.४ टक्के करा. रेघा होत्या तशाच बारीक राहतील. चिन्हं आणि अक्षरं फुगतीलच, फुगू द्या. ती आपापल्या योग्य जागी सरकली हे महत्त्वाचं. मग फक्त तो लेयर निवडून 'ऑब्जेक्ट'मधल्या 'ट्रान्सफॉर्म'मध्ये जा, स्केलमध्ये ७०.७ टक्के टाका आणि खाली प्रत्येक वस्तूला वेगवेगळं लागू करायची जी खूण आहे तिच्यावर टिचकी मारा. प्रत्येक डोंगर, प्रत्येक नाव आपल्या जागेवरच आक्रसून मूळ आकाराचं होतं. ती खूण विसरलात तर सगळे डोंगर गोळा होऊन मध्यभागी येतात. एक दगा इथे आहे: चिन्हं ग्रुप केलेली असतील तर अख्खा ग्रुप एक वस्तू धरला जातो, तेव्हा आधी तो मोडा. नदीच्या वळणावर बसवलेल्या नावांना हा उपाय करू नका, त्यांचा फक्त फाँट हाताने कमी करा.

एवढं केलं की जंगल विरळ दिसायला लागेल, आणि इथे बरेच जण पुन्हा चिन्ह मोठं करून जागा भरतात. आमच्या रावेर-यावलच्या केळीच्या बागा डोळ्यासमोर आणा. पाच बाय पाचवर लावलेलं शेत लांबी-रुंदीला दुप्पट झालं म्हणून कोणी खोडं दहा-दहा फुटांवर लावत नाही, खोडंच चौपट आणतो. तुमचा कागद क्षेत्रफळाने दुप्पट झाला, तेव्हा जंगलात झाडंही दुप्पट लागतील. मोठी नकोत, जास्त हवीत. किनाराही गुळगुळीत वाटेल, कारण आता तो जवळून दिसतोय. पाथ इफेक्टमधला, रेघ खडबडीत करणारा 'रफन' किंचित लावा, पण बंदराच्या जवळ हातानेच काढा. यंत्राने केलेली खाडी लगेच ओळखू येते.

नकाशा जिंप किंवा क्रिटासारख्या, ठिपक्या-ठिपक्यांनी (पिक्सेलनी) चित्र रंगवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रंगवलेला असता तर हे काहीच चाललं नसतं. पिक्सेल ताणले की धूसर होतात, बस. 'स्केल इमेज' चित्र ताणतं, 'कॅनव्हस साइझ' चित्र तसंच ठेवून भोवती कोरा कागद वाढवतं. शेजारचा नवा देश जोडायचा असेल तर दुसरं घ्या. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ए-थ्री म्हणजे ४९६१ बाय ३५०८ पिक्सेल, तेवढ्या आकारातच सुरुवात केलेली बरी. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये चिन्हाचा आकार मिलिमीटरमध्ये ठेवा, 'मॅप युनिट'मध्ये (जमिनीच्या मापात) ठेवला की चिन्हंही जमिनीबरोबर फुगतात. कॅम्पेन कार्टोग्राफर हे काल्पनिक नकाशांचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी चौकटीचा लेयर आधी मोकळा करावा, तो मुळात गोठवलेला असतो आणि बाकी सगळं मोठं होऊन चौकट तेवढी मागे राहते.

स्केल अक्षरात लिहू नका, पट्टी काढा, हे मी का म्हणतो ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका ले-आउटच्या प्रती मंजुरीला दिल्या होत्या, खाली ठळक '१:५००'. प्लॉटरवर छापताना 'फिट टू पेज' चालू राहिलं. समोरच्या साहेबांनी त्रिकोणी स्केल काढून ९ मीटरच्या रस्त्यावर ठेवलं, १८ मिलिमीटर भरायला हवं होतं ते साडेसतराही भरेना. पावणेनऊ मीटरचा रस्ता दाखवून फसवता काय, म्हणाले. मी घाईघाईने कोपऱ्यातली १० मीटरची पट्टी मोजली: २० च्या जागी १९.४. अख्खा नकाशा तीन टक्के आक्रसला होता, पट्टीही बिचारी प्रामाणिकपणे तेवढीच आक्रसली होती. खोटा फक्त तो लिहिलेला १:५०० होता. पुस्तकाचा छापखाना तुमचा नकाशा पानात बसवताना हेच करणार आहे, आणि तुम्हाला विचारणारही नाही.

जाता जाता: फोटोत डावीकडे जे जंगल आहे ते पट्टीने ३ सेंटीमीटर रुंद भरतंय. नायिका ते एका रात्रीत पायी पार करते असं तुम्ही खाली एका प्रतिसादात लिहिलंय. काल ते १५ किलोमीटर होतं, आता ४५ आहे. एकतर जंगल कापा, नाहीतर तिला घोडा द्या.